राजीनामा हा दुसरा प्रश्न

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

वाचक ३९ वर्षांचे, बाणेरला राहतात, हिंजवडीत नोकरी करतात. नऊ वर्षांपूर्वी तीन मित्रांना घेऊन त्यांनी प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा एक गट सुरू केला. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी एका कंपनीच्या हॉलमध्ये सगळे जमतात, वर्षातून एकदा दिवसभराची परिषद होते. सगळं विनामोबदला. गेल्या वर्षी परिषदेचं काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्यांना सांगितलं, की व्याख्यानांना नेहमी येणारे एक ज्येष्ठ तज्ज्ञ तिला रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवतात. 'दुर्लक्ष कर, मी बघतो,' असं हे म्हणाले. दोन महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं. तेव्हाही तेच उत्तर. पुढे परिषद झाली आणि बीजभाषणाला तेच गृहस्थ उभे राहिले. गेल्या महिन्यात तिने हे सगळं जाहीरपणे लिहिलं. दोन दिवसांत ते हजारो लोकांपर्यंत पोचलं. सात जणांच्या संयोजन समितीतून चौघे राजीनामा देऊन बाहेर पडले, कंपनीने हॉल देणं थांबवलं, आणि 'प्रमुखांनी पायउतार व्हावं' या पत्रावर रोज सह्या वाढताहेत. वाचक लिहितात, 'मी तिला कधी त्रास दिला नाही. मी तर काहीच केलं नाही. राजीनामा दिला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, नाही दिला तर गट संपेल. बायको म्हणते, सोडून द्या. मित्र म्हणतात, चार दिवस गप्प बस, लोक विसरतात. झोप उडाली आहे. काय करू?'

उत्तर

तुमच्या मूळ पत्रात 'मी तर काहीच केलं नाही' हे वाक्य दोनदा आलं आहे. तुम्ही ते बचाव म्हणून लिहिलंत. त्या मुलीची तक्रारही नेमकी तीच आहे. तुम्ही त्रास दिलात असं ती म्हणतच नाही. तिचं म्हणणं एवढंच, की तिने दोनदा सांगितलं आणि तुम्ही काहीच केलं नाही. म्हणजे तुमच्या वागण्याबद्दल तुम्हा दोघांत मतभेदच नाही. हे एकदा मान्य केलंत, की निम्मा गुंता सुटतो. कोण खरं, कोण खोटं या वादात निदान तुम्हाला तरी उतरायचं कारण उरत नाही.

मला तुमच्या कष्टांची किंमत कळते. महिन्याचा एक शनिवार नऊ वर्षं द्यायचा, खुर्च्या लावायच्या, प्रोजेक्टरची वायर शोधायची, वक्ता आयत्या वेळी आला नाही तर स्वतः उभं राहायचं. पुण्यातलं हे जग अशाच माणसांनी उभं केलं. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नुनिफाय' हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या बैठका व्हायच्या, तेव्हा सोलापूर-लातूरकडून शिकायला आलेली मुलं तिथे पहिल्यांदा कुणाला तरी धीटपणे प्रश्न विचारायची. तुमच्या गटातही अशी कितीतरी मुलं आली असतील. ही मुलगीही त्यांच्यातलीच. म्हणून तर ती परक्या कुणाकडे गेली नाही, तुमच्याकडे आली.

आणि तुम्ही म्हणालात, 'बघतो'. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याला माहीत असतो आणि ऐकणाऱ्यालाही. नगरसेवक म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, लग्न जमवणारा मावसभाऊ म्हणतो. समोरच्याने आता हा विषय काढू नये, इतकाच त्याचा अर्थ. मी वीस वर्षं आयटी कंपन्यांत मनुष्यबळ विभागात काम केलं. एका मुलीने वरिष्ठाबद्दल मला सांगितलं तेव्हा मीही 'बघते' म्हणाले होते. पगारवाढीचे दिवस होते, तो वरिष्ठ महत्त्वाचा होता, आणि थोडं निवळलं की बोलू असं मी मनाशी ठरवलं होतं. तीन महिन्यांत तिने नोकरी सोडली. जाताना भरायच्या फॉर्ममध्ये तिने त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. ती पुन्हा कधी भेटली नाही. तुमची विद्यार्थिनी लिहिती झाली, आणि तुम्हाला आज उत्तर द्यायची वेळ तरी आली. मला ती संधी कधी मिळालीच नाही.

आता राजीनाम्याबद्दल. राजीनामा म्हणजे कबुली, हे तुम्ही धरून चालला आहात. तुमच्याच क्षेत्रात डोकावून बघा. २०१८ च्या जुलैमध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रोसम प्रमुखपदावरून बाजूला झाले. एका नव्या चिन्हाच्या प्रस्तावावरून इतकं भांडण झालं, की ते थकले होते. गुन्हा काहीच नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने बरोबरच्यांना लिहून कळवलं, की आपल्या बोलण्याने लोक दुखावले गेले आणि काही कदाचित कामापासूनच दूर गेले. त्याने माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाला. तेवढ्यात लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली. टोरवाल्ड्स ऑक्टोबरमध्ये परत आला. कबुली होती, राजीनामा नव्हता. तिसरं उदाहरण मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांचं. एपस्टीन प्रकरणाशी जोडलेल्या एका वादात त्यांनी लिहिलेल्या ईमेलवरून संताप उसळला आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एमआयटी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद, दोन्ही सोडलं. २०२१ च्या मार्चमध्ये आपण संचालक मंडळावर परत आल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा तोच संताप पुन्हा उसळला. विरोधाच्या पत्रावर हजारो सह्या, पाठिंब्याच्या पत्रावरही हजारो सह्या. मधल्या दीड वर्षात खुर्ची रिकामी झाली होती, प्रश्न मात्र भिजत पडला होता.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न 'राजीनामा देऊ का' हा नाही. त्या मुलीचं मी काय देणं लागतो, हा आहे. त्याचं उत्तर न देता तुम्ही आज रात्री राजीनामा दिलात, तर सह्या थांबतील, मोबाइल शांत होईल, कदाचित झोपही लागेल. पण तिने विचारलेलं तसंच राहील. तिच्या दृष्टीने ते तिसऱ्यांदा 'बघतो' म्हणण्यासारखंच होईल.

सह्यांची संख्या बघून स्वतःला मोजू नका. गर्दीचा राग खरा असतो, पण नेम नेहमी बरोबर लागतो असं नाही. २०१५ मध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर, एका लोकप्रिय कर्मचारी बाईंना काढलं म्हणून कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख एलन पाओ यांच्याविरुद्ध दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि १० जुलैला त्यांनी पद सोडलं. ज्या बदलातून ते सगळं घडलं तो निर्णय आपला होता, असं कंपनीच्या सहसंस्थापकांनी मागाहून मान्य केलं. हे वाचणाऱ्यांत असं कुणी असेल, ज्यांच्यावर दुसऱ्याच्या निर्णयाचं खापर फुटतंय, तर त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. घाईने पद सोडू नका. निर्णय कुणाचा, कधीचा, कागद काय सांगतात, ते लेखी मांडा आणि चौकशी मागा. पण तुमची गोष्ट तशी नाही, हे तुम्हालाही पत्र लिहिताना जाणवलं असणार.

त्या हजारो सह्यांपेक्षा मला तुमचे चार सहकारी जास्त महत्त्वाचे वाटतात. पत्रात तुम्ही त्यांना 'ऐन वेळी पळालेले' म्हटलं आहे. तसं म्हणू नका. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या समुदायात, वागणुकीचे नियम सांभाळणाऱ्या अख्ख्या गटाने एकदम राजीनामे दिले. त्यांचं म्हणणं होतं, की वरचा मुख्य गट कुणालाच उत्तर द्यायला बांधील नाही, आणि अशा स्थितीत आम्ही इतरांना नियम कोणत्या तोंडाने सांगायचे? ते पळाले नव्हते. त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं. पुढे तो मुख्य गटच गेला आणि २०२३ मध्ये वेगवेगळ्या तुकड्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ आलं. तुमच्या चौघांना तुम्ही अजून फोन केलेला नाही. करा. त्यांना परत बोलावू नका, समजावूही नका. एवढंच विचारा, की तिने सांगितलेलं तुमच्यापैकी कुणाला आधी माहीत होतं का, आणि तुम्ही मला बोलायचा प्रयत्न केला होता का. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही प्रमुखपद सोडावं. सह्या झाल्या म्हणून नाही. यापुढे एखाद्या मुलीला तक्रार करावीशी वाटली, तर ती ज्या माणसाकडे जाईल तो माणूस तुम्ही आता असू शकत नाही, निदान काही वर्षं तरी नाही. पण पद सोडणं शेवटी. त्याआधी तुम्हाला काही कामं करायची आहेत, आणि ती तुम्हीच करायची आहेत.

उद्याच गटातर्फे दोन ओळी जाहीर करा, की चौकशी होईपर्यंत त्या तज्ज्ञांना कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं जाणार नाही. मग चौकशी तुमच्या हातातून काढा. तीन जण बाहेरचे शोधा. त्यात एक वकील बाई असाव्यात, एखाद्या कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीवर काम केलेलं कुणी असावं, आणि तिघांपैकी एकही तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा नसावा. त्या ज्येष्ठांनाही त्यांची बाजू मांडू द्या, स्क्रीनशॉट बघून निकाल लावायचा नाही. मुदत एक महिना. निष्कर्ष सदस्यांना कळवा, तिचे खासगी तपशील नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत स्वेच्छेने, विनामोबदला काम करणारेही येतात, आणि जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. तुमचा गट नोंदणीकृतही नाही, तेव्हा हे इथे कसं लागू पडतं ते वकिलांना विचारा. तिने कुठे जायचं, जायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. तुम्ही ढकलायचंही नाही आणि अडवायचंही नाही.

मग माफी. इथे मला आपल्याच गावातली गोष्ट आठवते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता आणि घरोघर तपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वागण्याने लोक चिडले होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा भारताच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सैनिकांच्या अत्याचारांबद्दल सांगितलं. परतल्यावर पुरावा मागितला गेला, आणि पत्रं लिहिणारी माणसं पुढे यायला तयार नव्हती. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत. आरोप मागे घेतले आणि बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यावरून काय काय बोललं गेलं असेल, ते सांगायला नको. त्या माफीबद्दल आजही दोन मतं आहेत, कारण लोकांनी सोसलेलं खोटं नव्हतं. मला त्यातल्या दोनच गोष्टी तुम्हाला दाखवायच्या आहेत. माफीत 'पण' नव्हता, आणि माफीनंतर ते घरी बसले नाहीत. पुढच्या वर्षी प्लेगच्या मदतकार्यात ते गल्लोगल्ली फिरत होते. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले, १९०५ मध्ये त्यांनी इथेच भारत सेवक समाज काढला. बीएमसीसी रस्त्याने जाता-येता ती वास्तू तुम्ही पाहिली असेल.

तुमच्या माफीतही 'पण' नको. तिने कधी सांगितलं, तुम्ही काय उत्तर दिलंत, दुसऱ्यांदा कधी सांगितलं, त्यानंतर बीजभाषणाचं आमंत्रण कुणी दिलं, हे तारखांसह लिहा. आमंत्रण तुम्हीच दिलं होतं, असं तुमच्या पत्रात आहे. तेही लिहा. पत्रिका छापली होती, आयत्या वेळी वक्ता कुठून आणणार होतो, हे लिहू नका. नऊ वर्षांच्या कामाचा उल्लेख नको, 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' नको, 'माझा हेतू वाईट नव्हता' तर अजिबात नको. जाहीर करण्याआधी तो मजकूर तिला दाखवायची तयारी ठेवा, पण स्वतः फोन करू नका. चौघांपैकी जिच्याशी तिचं बोलणं आहे तिच्यामार्फत विचारा, की तिला तो बघायचा आहे का. 'नाही' आलं तर विषय संपला. तिने माफ करावं अशी अपेक्षा धरू नका. तिने उत्तरच दिलं नाही, तरी तिचं काही चुकलं असं होत नाही.

यानंतर पायउतार व्हायची तारीख जाहीर करा. साधारण सहा आठवडे पुढची. तुम्ही लिहिलं आहे, की वेबसाइटचं डोमेन तुमच्या नावावर, गटाचा मेल तुमच्याकडे, टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपचे अॅडमिन तुम्ही, आणि परिषदेच्या तिकिटांचे पैसे तुमच्या बचत खात्यात. अशा माणसाने तडकाफडकी राजीनामा दिला, तर मागे राहिलेले तिघे रिकाम्या घराच्या दाराशी उभे राहतील. किल्ली खिशात तुमच्याच.

दुसरीकडे, दबावाखाली जो पुढे येईल त्याच्या हातात सगळं देऊन मोकळं होणं त्याहून वाईट. एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्स संगणकांत असलेल्या छोट्या साधनाचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच, इतर वाचकांसाठी सांगते. एकटा माणूस हौसेने, विनामोबदला ते सांभाळत होता, आणि आपली मानसिक तब्येत बरी नसल्याचं त्याने लिहिलंही होतं. २०२२ मध्ये काही जण त्याच्यावर सारखे चिडू लागले. काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला दे. ती नावं बनावट होती असं आता मानलं जातं. मदतीला आलेल्या नव्या माणसाला हळूहळू अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या साधनात चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरता येईल अशी वाट, बसवला गेला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदून पाहिलं, आणि २९ मार्चला ते उघडकीला आलं. दमलेल्या माणसाने रागावलेल्यांच्या भीतीने किल्ल्या दिल्या, की असंही होऊ शकतं. तेव्हा प्रत्येक किल्ली दोघांकडे द्या, आणि ते दोघे सदस्यांनी निवडलेले असू देत. गिडोने जाताना वारस नेमला नव्हता. तुम्ही ठरवा, एवढंच सांगितलं. बाकीच्यांनी प्रस्ताव मांडले, मतदान घेतलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. तुम्हीही वारस नेमू नका.

पैशांचं पहिल्या आठवड्यातच करा. बचत खात्यातला गटाचा प्रत्येक रुपया सीएकडून तपासून घ्या आणि हिशेब सदस्यांपुढे ठेवा. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण पुढचा संताप याच खात्यावरून उसळेल. असे गट चालवणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, दोन-तीन वर्षं टिकलात की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचं बघा. संस्था नोंदवायला सात जण लागतात. नोंदणी झाली की गटाचं स्वतःचं बँक खातं येतं, निवडणूक येते, आणि एकाच माणसाला नऊ वर्षं सगळं ओढावं लागत नाही. तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापा. त्यातली एक बाई हवी, आणि दोघांपैकी कुणीही वक्ते ठरवणारं नको. तुमच्याकडे वक्ता ठरवणारे तुम्ही आणि तक्रार ऐकणारेही तुम्हीच होता. सगळा घोटाळा तिथे झाला.

मित्र म्हणतात, लोक विसरतात. विसरतील, तेही खरं आहे. पुढच्या महिन्यात या हजारांना दुसरा विषय मिळेल. पण ती मुलगी विसरणार नाही, ते चौघे विसरणार नाहीत, आणि तुमच्या पत्राचा सूर सांगतो की तुम्हीही विसरणार नाही. म्हणून मिठाची गुळणी धरून बसायचा सल्ला मला पटत नाही.

बायकोचं 'सोडून द्या' मात्र मला वेगळं ऐकू आलं. रात्री दोनला तुम्ही अंधारात मोबाइल धरून प्रतिक्रिया वाचत बसता, हे ती बघते आहे. तिला बहुधा पदाची चिंता नाही, तुमची आहे. प्रतिक्रिया वाचायचं काम महिनाभर दुसऱ्या कुणाकडे द्या. ज्याला खरोखर उत्तर द्यायला हवं तेवढंच त्यांनी तुम्हाला सांगावं. झोप अशीच उडालेली राहिली, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीतही बोलता येतं. चूक झालेल्या माणसालाही मदत मागायचा हक्क असतो.

येता तिसरा शनिवार रद्द करू नका. हॉल नसेल तर कुणाच्या घरी, कॉलेजच्या एखाद्या वर्गात, दहा जण आले तरी भरवा. विषय ठरवायचं उरलेल्या तिघांवर सोपवा. सूत्रसंचालन तुमच्याकडे नको. तुम्ही मागच्या रांगेत बसा आणि कुणी काही विचारलं तर सरळ उत्तर द्या. पण त्याआधी सोडून गेलेल्या चौघांना विचारून घ्या, तुम्ही आलेलं चालेल का. नको म्हणाले, तर त्या शनिवारी घरी थांबा.